गेमबॉय ॲडव्हान्सवर गेम अडखळतोय? असेंब्लीला हात लावण्याआधी या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी मला व्हिडिओ पाठवतं. गेमबॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी लिहिलेला गेम लॅपटॉपवरच्या एमुलेटरमध्ये (त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामात) झकास पळतो आणि खऱ्या यंत्रात घातला की बैलगाडी होतो. सोबत ठरलेला प्रश्न: "आता असेंब्लीत लिहू का?" म्हणजे प्रोसेसरच्या सूचना एकेक करून हाताने लिहू का?

नको.

यंत्र २००१ सालचं. १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम७ प्रोसेसर, २४० बाय १६० चा पडदा. एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका पूर्ण चित्राला, २,८०,८९६ सायकल (प्रोसेसरचे ठोके) मिळतात. त्याला ३८,४०० पिक्सेलनी भागा. एका पिक्सेलच्या वाट्याला सात सायकल आणि थोडी चिल्लर येते, आणि त्यातच शत्रू हलवायचे, आवाज वाजवायचा, बटणं वाचायची. तरी नवशिके मोड ३ हा चित्र काढण्याचा प्रकार लावून एकेक पिक्सेल हाताने रंगवत बसतात, कारण शिकताना पहिला लाल ठिपका तिथेच काढलेला असतो. अहो, टाइल (पार्श्वभूमीचे छोटे चौकोनी तुकडे) आणि १२८ स्प्राइट (पडद्यावर हलणाऱ्या आकृत्या) हे हार्डवेअर स्वतः काढतं! कुठे काय ठेवायचं एवढंच तुम्ही सांगायचं. पार्श्वभूमी सरकवायला दोन रजिस्टरांत (हार्डवेअरशी बोलायच्या ठरलेल्या जागांत) दोन आकडे लिहिले की झालं. मोड ३ सुरुवातीचं चित्र दाखवायला ठेवा.

पण माझा खरा राग आहे न मोजता कोड सुधारण्यावर, कारण त्यात मी स्वतः एक अख्खी दिवाळीची सुट्टी घातली आहे. माझ्या गेममध्ये झाडावरून ६४ पानं हेलकावे खात गळायची. तेव्हा मी वापरत होतो त्या एमुलेटरवर सुरेख दिसायचं, यंत्रावर प्रत्येक दुसरी फ्रेम चुकायची. मी ठरवून टाकलं की स्प्राइटचे आकडे जुळवणारा लूप जड आहे. चार दिवस बसून तो असेंब्लीत लिहिला. फरक शून्य. पाचव्या दिवशी वैतागून शेवटी व्हीकाउंट रजिस्टर वाचलं. पडद्याची कितवी ओळ चालू आहे ते हे रजिस्टर सांगतं, ० ते २२७. एक ओळ म्हणजे १२३२ सायकल. फंक्शनच्या आधी एकदा वाचायचं, नंतर एकदा वाचायचं, वजाबाकी करायची. माझा तो लूप तीन ओळींत संपत होता! पानांचा हेलकावा काढणारं कोडमधलं एका ओळीचं सूत्र मात्र पडद्याच्या जवळजवळ १५० ओळींचा वेळ खात होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्या सूत्रात फ्लोट (दशांश आकडे) होते आणि त्रिकोणमितीतलं साइन होतं. या प्रोसेसरला दशांशाचं गणित येत नाही, भागाकाराची सूचनासुद्धा नाही. तुम्ही 'फ्लोट' लिहिता तेव्हा कंपायलर गुपचूप लायब्ररीतली लांबलचक फंक्शनं बोलावतो. मी २५६ आकड्यांचा साइनचा तक्ता केला आणि सगळे आकडे २५६ पटीत ठेवले, म्हणजे दीडला ३८४. १५० ओळींच्या सहा झाल्या. असेंब्लीचा तो लूप काढून टाकला, जुना सी भाषेतला परत लावला. आता माझ्या प्रत्येक गेममध्ये कोपऱ्यात ओळींचा आकडा पहिल्या दिवसापासून दिसत असतो. कुरूप दिसतो, पण असतो.

दुसरी आवडती चूक: "३२ बिट म्हणजे वेगवान" असं धरून सगळा कोड एआरएम मोडमध्ये (३२ बिटांच्या सूचनांत) बांधणं. गेमच्या कार्ट्रिजची बस (डेटा आणायची वाट) १६ बिटांची आहे, त्यामुळे तिथून एक एआरएम सूचना आणायला दोन खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला ताटकळणं वेगळं. कार्ट्रिजमधला कोड थंबमध्येच (१६ बिटांच्या सूचनांत) ठेवा. सतत फिरणारे दोन-तीन लूप तेवढे एआरएममध्ये बांधून आतल्या ३२ केबी रॅममध्ये हलवा, तिथे थांबावं लागत नाही. सगळंच तिथे कोंबू नका. स्टॅकही (फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवायची जागा) तिथेच राहतो, आणि तो तुडवला गेला की गेम कुठेही कोसळतो. आणि कार्ट्रिजचा थांबा ठरवणाऱ्या वेटकंट रजिस्टरात सुरुवातीलाच हेक्स ४३१७ लिहा. ही एक ओळ विसरून महिनाभर 'ऑप्टिमायझेशन' करणारे लोक मी पाहिले आहेत.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या.

मोड ४ मध्ये (एका पिक्सेलला एक बाइट लागणाऱ्या चित्रप्रकारात) एकच पिक्सेल बदलायला गेलात आणि शेजारचाही बदलला? व्हीरॅममध्ये (चित्राच्या मेमरीत) एकटा बाइट लिहिता येत नाही, तोच बाइट दोन्ही जागी जातो. १६ बिट वाचा, हवा तो अर्धा बदला, परत लिहा.

स्प्राइटचा तक्ता साध्या रॅममध्ये तयार करा आणि व्हीब्लँकमध्ये (पडदा रंगवून झाल्यावरच्या मोकळ्या वेळात) एका झटक्यात डीएमएने (प्रोसेसरऐवजी डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरने) स्प्राइटच्या खास मेमरीत पाठवा. पडदा रंगत असताना त्या मेमरीला हात लावू नका.

कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड आपोआप वेगवान करण्याची सोय) बंद ठेवून वेग मोजणाऱ्यांशी मी बोलत नाही.

व्हीब्लँकची वाट पाहायला रिकामा लूप फिरवणंही सोडा. बायॉसमध्ये (यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रामात) त्यासाठी कॉल आहे, तो इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा) येईपर्यंत प्रोसेसरला झोपवतो. हे यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालतं, आणि ते सेल खेळणाऱ्याच्या पैशाचे असतात.