वादळाच्या मागे पळायचंय आणि खिशात पैसे कमी? मग लॅपटॉप असा घ्या

एप्रिल संपत आला की आमच्या डॅलसमध्ये ओळखीतला कुणीतरी एमएसवाला पोरगा हमखास विचारतो, दादा यंदा टोर्नेडो बघायला ओक्लाहोमाला जायचंय, कुठला गेमिंग लॅपटॉप घेऊ? अरे बाबा, गेमिंग नको. मी पहिल्या सीझनला तेच केलं होतं, मोठ्ठा, लाल दिवेवाला, २३० वॅटचा अडॅप्टर असलेला, आणि गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये इन्व्हर्टर खुपसून त्यावर चालवायला गेलो. टेक्सास पॅनहँडलमध्ये (राज्याचा उत्तरेकडचा पट्टा) आय-४० हायवेवर शॅमरॉक गावाजवळ लॅपटॉपवर वादळ दाखवणारं हवामान रडारचं चित्र उघडलं, पंखा घोंगावला आणि टक्. फ्यूज गेला. त्याच सॉकेटवर फोन चार्ज होत होता, तोही गप. समोर ढग नुसता फुगत चाललाय आणि आम्ही पेट्रोल पंपावर फ्यूज शोधतोय, बायको काही बोलली नाही पण तिने बघितलं ते अजून लक्षात आहे.

हिशोब साधा होता, मी केला नव्हता एवढंच. सॉकेट १२ व्होल्टचं, फ्यूज १५ अँपियरचा, म्हणजे जास्तीत जास्त १८० वॅट. त्यातून इन्व्हर्टर आधी १२ चे १२० व्होल्ट करतो, मग अडॅप्टर परत ते २० वर आणतो, दोन्हीकडे वीज फुकट तापते. म्हणून पहिली अट, लॅपटॉप यूएसबी-सी वरून ६५ वॅटमध्ये चार्ज होणारा हवा. मग इन्व्हर्टरची भानगडच संपली, कार चार्जर थेट सॉकेटमध्ये. फक्त चार्जर घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका, तो बऱ्याचदा सगळ्या पोर्टांची बेरीज असतो, एकट्या यूएसबी-सी पोर्टला किती मिळतात ते बारीक अक्षरात असतं ते वाचा. आणि निघायच्या आधी घराजवळच अर्धा-पाऊण तास रडार चालू ठेवून चक्कर मारा, बॅटरीचे टक्के चढतायत की उतरतायत ते बघा. उतरत असतील तर तो चार्जर परत करा, दिवसाला आठशे-हजार किलोमीटर फिरताना तो पुरणार नाही.

आता स्क्रीन. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात कारण दुकानात सगळेच स्क्रीन छान दिसतात. मे महिन्यात दुपारी तीनला कॅन्ससच्या सपाट माळावर, जिथे सावलीला एक झाड नाही, तिथे २५० निट्सचा (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन म्हणजे काळा आरसा, त्यात तुम्हाला फक्त तुमचं घामेजलेलं तोंड दिसणार. ४०० च्या आसपास निट्स आणि मॅट, म्हणजे न चकाकणारं, फिनिश असेल तर काम भागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॅनल आयपीएस हवा, टीएन नको, हे स्क्रीनचे दोन प्रकार. स्वस्त जुन्या लॅपटॉपात १३६६ बाय ७६८ चा टीएन पॅनल हटकून असतो आणि तो समोरून ठीक दिसतो, पण गाडीत तुम्ही समोर कुठे बसता, तो असतो मांडीवर नाहीतर स्टँडवर तिरका, आणि तिरकं बघितलं की टीएनचे रंग बदलतात. रडारमध्ये तर सगळा खेळ रंगांचाच आहे! व्हेलॉसिटीच्या, म्हणजे वाऱ्याचा वेग दाखवणाऱ्या, चित्रात हिरवं म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे लांब जाणारा, आणि हे दोन भडक ठिपके एकमेकांना चिकटून दिसले की तिथे हवा गरगर फिरतेय. तो लाल तुम्हाला फिका तपकिरी दिसायला लागला तर काय उपयोग. आणखी एक, पोलराइज्ड गॉगल घालून काही स्क्रीन ठराविक कोनातून पार काळे दिसतात. मी एकदा दहा मिनिटं लॅपटॉप बिघडला म्हणून डोकं धरून बसलो होतो. घेताना गॉगल लावून, मान वाकडी करून, शक्यतो भर दुपारी पार्किंगमध्ये नेऊन बघा. ऑनलाइन घेत असाल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत हेच करा.

प्रोसेसरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रडारचं चित्र दाखवायला काय मोठं राक्षसी मशीन लागत नाही, त्यासाठी गेमिंग ग्राफिक्स म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इंटेल आय-५ आठव्या पिढीचा किंवा पुढचा, ८ जीबी रॅम (१६ मिळाली तर उत्तम), आणि एसएसडी, कारण कच्च्या रस्त्यावरच्या धक्क्यांत फिरती हार्ड डिस्क मरते. आठवी पिढी का, तर त्याच्या खाली विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज का, तर जीआरलेव्हल३ हे रडार बघायचं सॉफ्टवेअर, जे इथले बरेच चेसर (वादळामागे पळणारे) वापरतात, ते फक्त विंडोजवर चालतं. मॅक आधीच घरात असेल तर रडारस्कोप हे तसलंच सॉफ्टवेअर त्यावर चालतं, नवीन काही घेऊ नका.

मग नेमका कुठला? माझं मत, ऑफिसांनी वापरून काढलेला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप. मी थिंकपॅड टी४८० वापरतो. २०१८ चं मॉडेल, यूएसबी-सी चार्जिंग, आणि बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी, ती लॅपटॉप चालू असताना बदलता येते. बाहेरची ७२ वॅट-अवरची जाडी बॅटरी लावली की संध्याकाळची काळजी नाही. पण त्याचा फुल एचडी पॅनल २५० निट्सचाच येतो, म्हणून मी ४०० चा वेगळा मागवून घरी बसवला, स्क्रू ड्रायव्हरची भीती वाटत नसेल तर तासाभराचं काम. भीती वाटत असेल तर टी४९० बघा, त्यात ४०० निट्सचा पर्याय होता, पण मग बदलायची बॅटरी नाही मिळणार. जुने टफबुक (धक्के सोसणारे दणकट लॅपटॉप) स्वस्तात दिसतात आणि मोह होतो, पण फार जुना प्रोसेसर आणि विटेसारखं वजन, मला नाही पटलं.

जीपीएस बहुतेक लॅपटॉपात नसतो आणि वायफायवरून काढलेली जागा त्या माळावर भलतीकडेच दाखवते. यूएसबीला लागणारा जीपीएसचा गोल चकतीसारखा पक मिळतो तो घ्या आणि डॅशबोर्डवर काचेखाली चिकटवा. गंमत अशी की तो दुसऱ्या पोर्टात घातला की विंडोज त्याला नवीन कॉम नंबर (पोर्टचा क्रमांक) देऊ शकतं आणि सॉफ्टवेअरला तो सापडत नाही, म्हणून माझ्या एका पोर्टाशेजारी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका आहे, पक तिथेच.

इंटरनेट फोनवरून, पण केबलने जोडा, फोन चार्जही होतो. आणि ते कनेक्शन सेटिंगमध्ये मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाचं, करून ठेवा हो! नाहीतर नेमकं ढगाखाली उभे असताना विंडोजला अपडेट आठवतं. डेटा कमी असेल तर लेव्हल ३ वर, म्हणजे रडारच्या तयार चित्रांवर रहा, त्याच्या फाइल्स छोट्या असतात, लेव्हल २ म्हणजे रडारचा कच्चा डेटा, तो एकेका स्कॅनला कितीतरी एमबी खातो. पश्चिम कॅन्सस आणि ओक्लाहोमा पॅनहँडलमध्ये सिग्नल जातोच, म्हणून कागदी नकाशा आणि एक वेदर रेडिओ (सरकारी हवामान इशारे ऐकवणारा) ठेवा, तो १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात चॅनेलवर लागतो आणि त्याला मोबाइलचा टॉवर भरला काय नि रिकामा काय, फरक पडत नाही.

लॅपटॉप बसवायला शेजारच्या सीटच्या बोल्टला लागणारा स्टँड येतो, एअरबॅगच्या समोर मात्र ठेवू नका. बघायचं शेजारच्याने. एकटे असाल तर गाडी बाजूला घेऊन बघा.

आणि स्क्रीनवर दिसतं ते आत्ताचं नसतं. रडारचा एक पूर्ण फेरा चार-पाच मिनिटांचा, वर डेटा यायला वेळ. ताशी ८० किलोमीटरने पळणारं वादळ पाच मिनिटांत साडेसहा किलोमीटरहून जास्त सरकतं. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टोर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद झाला, बघता बघता वळला, आणि टोर्नेडोचे अभ्यासक टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. समारस आयुष्यभर हेच काम केलेला माणूस होता. तेव्हा चित्रात जिथे ठिपका दिसतो त्याच्या पुढे धरून चाला आणि दक्षिणेचा रस्ता मोकळा ठेवा.

पैसे उरले तर गेमिंग माऊस नको, ग्लव्ह बॉक्समध्ये फ्यूजचं पाकीट टाका. गाडीच्या पुस्तकात जेवढ्या अँपियरचा लिहिलाय तेवढ्याचाच, मोठा घालू नका, वायर जळते. शॅमरॉकच्या त्या पंपावर आम्हाला नेमका १५ चाच मिळाला नव्हता.