गोंधळाचा अभ्यास प्रयोग म्हणून कसा करावा

न्यूयॉर्क विद्यापीठात 1980 मध्ये परफॉर्मन्स स्टडीज, म्हणजे प्रयोगाचा (सादरीकरणाचा) अभ्यास, या नावाचा विभाग उभा राहिला, तेव्हा नाट्यदिग्दर्शक आणि अभ्यासक रिचर्ड शेकनर यांनी नाटकाइतकेच विधी, खेळ आणि दैनंदिन वर्तन अभ्यासकक्षेत आणले. त्यामुळे लग्नानंतर घरी घातला जाणारा गोंधळ या विद्याशाखेला उत्तम विषय ठरतो.

आरंभ आख्यानापासून करू नये. चौक मांडला जात असतानाच हजर राहावे आणि धान्य कोण पसरतो, घट कोण ठेवतो, दिवटी कोण पेटवतो हे टिपावे, कारण अंगणाचे देवस्थान इथेच होते. पुढे गावोगावच्या देवतांना नावे घेऊन बोलावले जाते, तेव्हा संबळाची लय कुठे बदलते ते ऐकावे. आख्यानात मुख्य गोंधळी निवेदक असतो, क्षणात पात्र होतो, आणि साथीदाराच्या खोचक प्रश्नाने पुन्हा निवेदनावर येतो. हे स्थित्यंतर ध्वनिमुद्रणातून निसटते, म्हणून देहबोलीची वेगळी नोंद ठेवावी. चित्रीकरणापूर्वी यजमान आणि गोंधळी या दोघांचीही परवानगी घ्यावी. बिदागी, जात आणि मानपान यांची माहिती मात्र दुसऱ्या दिवशी, निवांतपणे विचारावी. मांडवात तो विषय काढणे अशोभनीय दिसते, आणि उत्तरेही गुळमुळीत मिळतात.