फील्ड टार्गेटचा सामना भरवताना

इंग्लंडात रविवारी सकाळी एखाद्या शेतकऱ्याच्या रानात वीस-पंचवीस माणसं काखेत गुबगुबीत उशी आणि खांद्याला बंदुकीची लांबलचक बॅग अडकवून चिखल तुडवत निघालेली दिसली, तर ती फील्ड टार्गेटवाली, म्हणजे एअर रायफलने रानातली टार्गेटं पाडायचा खेळ खेळणारी, समजायची. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आपल्या मंडळींपैकी काहींना या खेळाची गोडी लागते. क्लबात थोडे दिवस रुळलं की सेक्रेटरी हळूच विचारतो, "पुढच्या महिन्यात सामना आपल्याकडे आहे, जरा हात लावशील का?" हे लिहिलंय ते 'हो' म्हणून बसलेल्यांसाठी.

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि आता कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवतो. त्यांच्या खेळात अंतर ठरलेलं असतं, १० मीटर म्हणजे १० मीटर. फील्ड टार्गेटमध्ये अंतर कोणी सांगत नाही. लोखंडी पत्र्यातून कापलेला उंदीर, कावळा किंवा ससा ८ ते ५५ यार्डांत कुठेही उभा असतो. त्याच्या अंगावर एक गोल भोक, भोकामागे पॅडल, म्हणजे धक्का लागला की आकृती पाडणारी पट्टी. छर्रा भोकातून जाऊन पॅडलवर बसला की आकृती मागे पडते आणि एक गुण मिळतो. पत्र्यावर आदळला तर नुसता 'टण्', गुण शून्य. लेझरने अंतर मोजायला बंदी. बंदुकीवरच्या दुर्बिणीचं चाक फिरवायचं, चित्र कुठे स्वच्छ होतं ते बघायचं आणि चाकावरच्या खुणेवरून अंतर ताडायचं. एवढ्यासाठी लोक बंदुकीपेक्षा दुर्बिणीवर जास्त पैसे घालतात, आणि ते घरी सांगत नाहीत.

हा खेळ १९८० साली इंग्लंडातच सुरू झाला. ब्रिटिश फील्ड टार्गेट असोसिएशनच्या छत्राखाली विभागवार संघटना आहेत. त्यांच्या हिवाळी लीगमध्ये विभागातले क्लब पाळीपाळीने यजमान होतात. तुमच्या वाट्याला येणारं काम बहुतेक यातलंच असतं.

जागेचं गणित आधी समजून घ्या. बहुतेक क्लब शेतकऱ्याकडून घेतलेल्या रानात चालतात. शेतजमिनीचा असा तात्पुरता वापर वेगळी परवानगी न काढता वर्षातून साधारण २८ दिवस करता येतो, त्यामुळे सरावाचे आणि सामन्याचे दिवस सेक्रेटरी कंजुषासारखे मोजून वापरतो. "आदल्या दिवशी येऊन मांडू का?" असं विचारण्याआधी हे लक्षात असू द्या. छर्रा रानाच्या हद्दीबाहेर जाणं हा इथे कायद्याने गुन्हा आहे. म्हणून प्रत्येक टार्गेटच्या मागे मातीचा उंचवटा, उतार किंवा दाट रान हवंच. इंग्लंडभर सार्वजनिक पायवाटा शेतांमधून जातात, त्या नकाशात बघून ठेवा. पायवाटेने कुत्रं घेऊन फिरायला आलेला माणूस आपला फलक वाचेलच असं धरून चालू नका.

आता खरं काम, म्हणजे कोर्स मांडणं. साधारण चाळीस-पन्नास टार्गेटं, एका लेनवर, म्हणजे नेमबाजाच्या एका जागेवरून, दोन. नवा माणूस रानात उभा राहून टार्गेट लावतो, त्याला सगळं छान दिसतं. नेमबाज मात्र उशीवर जमिनीला टेकून बसणार असतो, आणि तिथून त्याला दिसतं ते गवत. त्यामुळे नेमबाजाच्या जागेची खुंटी ठोकली की स्वतः तिथे बसायचं, चिखल असला तरी बसायचं. डोळ्यापासून भोकापर्यंत एकही काडी आडवी येता कामा नये. नंतर डावखुऱ्याच्या बाजूनेही बसून बघायचं. एखादी फांदी उजव्या हाताच्या माणसाला आड येत नाही, पण डावखुऱ्याच्या नळीसमोर नेमकी येते.

किती अवघड ठेवायचं, हा वाद प्रत्येक क्लबात असतो. ट्रॉयर नावाच्या अमेरिकन नेमबाजाने काढलेला हिशेब उपयोगी पडतो: यार्डांतलं अंतर भागिले भोकाचा व्यास इंचांत. ५० यार्डांवर ४० मिलिमीटरचं भोक असेल तर उत्तर ३२ च्या जवळ येतं. २० यार्डांवर १५ मिलिमीटरचं भोक असेल तर ३४. म्हणजे कागदावर जवळचं टार्गेट लांबच्यापेक्षा किंचित अवघड! प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण हिशेबात वारा नाही. लांबच्या टार्गेटवर मध्यम वाराही छर्ऱ्याला दोन-चार इंच सहज ढकलतो, आणि भोक आहे दीड इंचाचं. म्हणून ट्रॉयरनेच वारा, उजेड, उभं राहून किंवा गुडघ्यावर बसून मारणं यांसाठी आकडा वाढवायची सोय ठेवली. तुम्ही आकडे लिहून ठेवा, पण आकड्यांवर झोपू नका.

माझं मत विचाराल तर अवघडपणा वाऱ्यातून यावा, चलाखीतून नको. दोन झाडांच्या फटीतून वारा अचानक येतो, तिथे लांबचं टार्गेट लावा. नेमबाजाला विचार करावा लागतो आणि चुकला तरी तो तुम्हाला शिव्या देत नाही. हॉलीच्या झुडपाच्या काळ्या सावलीत काळं टार्गेट ठेवलं की दुर्बिणीत चित्र कुठे स्वच्छ झालं ते कळत नाही. असं एखादं चालतं, पाच ठेवलीत तर लोक पुढच्या वर्षी येत नाहीत. उन्हाचंही बघा. आदल्या दुपारी मांडलेलं टार्गेट सामन्याच्या सकाळी सूर्याच्या बरोबर खाली येऊ शकतं, आणि इथला हिवाळ्यातला सूर्य दिवसभर कमरेएवढाच वर असतो. कोर्स बरोबर जमला की जिंकणाऱ्याचीही तीन-चार टार्गेटं हुकतात आणि नवशिका निम्मी तरी पाडून जातो. नवशिक्याला पन्नासात दहा मिळाले तर तो परत दिसायचा नाही. क्लब त्याच्याच फीवर चालतो.

उभ्याने आणि गुडघ्यावर मारायच्या लेन एकाला एक लागून ठेवू नका. तिथे माणूस वेळ घेतो, मागे रांग लागते, आणि थंडीत उभी राहिलेली रांग चिडते.

लोखंडाबद्दल दोन शब्द. ही टार्गेटं बाजारात मिळतात, पण रचना इतकी साधी की कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कोणीही फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करून देईल. गोम बसवण्यात आहे. बंदुकीतून निघताना छर्ऱ्यात जी ऊर्जा असते तिच्यातली ५० यार्डांपर्यंत निम्म्याहून थोडीच जास्त उरते. टार्गेटचा पाया मऊ मातीत डुलत असेल तर तेवढाही धक्का पाया गिळून टाकतो, पॅडल हलतं आणि आकृती उभीच राहते. पाया पक्का ठोका. मग प्रत्येक टार्गेटवर स्वतः छर्रे मारून बघा: एक भोकाच्या वरच्या कडेला, एक खालच्या कडेला, एक शेजारी पत्र्यावर. पहिल्या दोन्हींना पडलं पाहिजे, तिसऱ्याला पडता कामा नये. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते नव्या माणसाकडे येतं.

पडलेलं टार्गेट उभं करायला लेनपासून त्याच्यापर्यंत नायलॉनची दोरी जाते. सामन्यातली निम्मी भांडणं या दोरीची. ती शेजारच्या लेनच्या दोरीवरून गेली की एकाने ओढल्यावर दुसऱ्याचा ससा उठतो. गवतात अडकली की टार्गेट अर्धवट उभं राहतं आणि पुढच्या माणसाचा खरा नेमही वाया जातो. दोऱ्या जमिनीलगत, सरळ आणि दोन लेनसाठी दोन वेगळ्या रंगांच्या ठेवा. शेवटी पत्र्यावर स्प्रेचा हात फिरवा. ताज्या रंगावर छर्ऱ्याचा राखाडी डाग कुठे उमटला ते बघून वारा वाचता येतो, हा नेमबाजांचा हक्क समजला जातो.

सामन्याच्या दिवशी सर्वांत कठोर जागा क्रोनोग्राफची, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राची. इंग्लंड आणि वेल्समध्ये एअर रायफल १२ फूट-पाउंड ऊर्जेच्या आत असली तर परवाना लागत नाही, त्यावर गेली की ती सरळ परवान्याच्या बंदुकांत मोजली जाते. स्कॉटलंडात २०१६ अखेरपासून साध्या एअरगनलाही परवाना लागतो, तिकडून येणारे पाहुणे हे जाणून असतात. हिशेब सोपा आहे: सेकंदाला फुटांतल्या वेगाचा वर्ग गुणिले छर्ऱ्याचं वजन ग्रेनमध्ये, भागिले ४,५०,२४०. ८.४४ ग्रेनचा छर्रा सेकंदाला ८०० फुटांनी निघाला की बरोबर १२ भरतात. बहुतेक लोक ७८०-७९० च्या आसपास ठेवतात. आकडा वर गेला तर ती बंदूक त्या दिवशी बॅगेतच राहते, मग माणूस विभागाचा विजेता असो वा तुमचा जिवलग. "थंडीमुळे यंत्र चुकतंय" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. यंत्र संशयास्पद वाटलं तर दुसरं आणा, माणसाशी घासाघीस नको.

सुरुवातीच्या सूचना पाच मिनिटांत आटोपा, पण शिट्टीचा अर्थ दोनदा सांगा. आमच्याकडे एक लांब शिट्टी म्हणजे चापावरचं बोट काढायचं, बंदूक रिकामी करायची आणि मग तिला हात लावायचा नाही. पुन्हा सुरू करायची खूण वेगळी. दोरी रानात अडकली की कोणीतरी पुढे जाणारच, म्हणून ही शिट्टी दिवसातून बऱ्याच वेळा वाजते. चौदा वर्षांखालची मुलं आली असतील तर प्रत्येकाजवळ एकवीस किंवा त्याहून जास्त वर्षांचा माणूस हवा, हे नोंदणीच्या टेबलावरच बघून घ्या.

तक्रारीही येतात. "भोकात गेला, पण पडलं नाही." अशा वेळी पहिला नियम, मार्शल, म्हणजे सामन्यावर देखरेख करणारा माणूस, येईपर्यंत दोरीला कोणी हात लावायचा नाही. मार्शल दुर्बिणीतून बघतो, मग चाचणीचा छर्रा मारतो. टार्गेट बिघडलेलं निघालं तर दुरुस्त करून तो नेम पुन्हा घेऊ द्यायचा. नीट पडलं तर शून्य. तिथे जमलेल्या चौघांचं मत विचारायचं नाही. चौघे चार गोष्टी सांगतात आणि मागच्या तीन लेन खोळंबतात.

पहिल्याच सामन्यात कोर्स मांडायची जबाबदारी अंगावर घेऊ नका. आधी दोऱ्या ओढा, टार्गेटं वाहा, एखाद्या जुन्या मार्शलच्या मागून दिवसभर फिरा. जुने लोक फार बोलत नाहीत, पण खुंटी सहा इंच सरकवताना काय बघतात ते बघा. कोर्स मांडणाऱ्याने त्याच दिवशी स्वतः खेळायला हरकत नसते, पण त्याचे गुण यादीत धरू नयेत असं मला वाटतं. अंतरं त्याला पाठ असतात, आणि तो प्रामाणिक असला तरी कुजबुज होतेच.

संध्याकाळी दोऱ्या ओल्याच गुंडाळून पेटीत टाकू नका, पुढच्या वेळी गाठी सोडवण्यात सकाळ जाते. बेरजा दोघांनी वेगवेगळ्या करून निकाल त्याच रात्री विभागाच्या स्कोअररला पाठवा. स्कोअरकार्डं मात्र आठवडाभर तरी जपून ठेवा, "माझे एकोणचाळीस होते" म्हणणारा एक फोन येतोच.