तेल नुसतं फिल्टर करू नका, आधी आम्लता बघा

ट्रान्सफॉर्मरचं तेल फिल्टर केलं, २.५ मिमी गॅपवर बीडीव्ही (तेलाचं इन्सुलेशन ज्या व्होल्टेजला तुटतं तो आकडा) ६० केव्हीच्या वर गेला, की काम झालं असं बरेच जण धरून चालतात. पण फिल्टर मशीन काढतं ते पाणी, वायू आणि कचरा. तेल जुनं झाल्यामुळे विरघळलेली आम्लं तशीच राहतात, आणि तीच कागदाचं इन्सुलेशन खातात. म्हणून बीडीव्हीसोबत आम्लता, टॅन डेल्टा (तेलात वीज किती वाया जाते त्याचं माप) आणि आंतरपृष्ठीय ताण (तेल आणि पाणी भेटतात तिथला पृष्ठताण) तपासून घ्या. नव्या तेलाचा हा ताण साधारण ४० मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. तो विशीकडे घसरला आणि आम्लताही वाढलेली असली, तर गाळ धरायला फार वेळ लागत नाही.

अशा तेलाला रिक्लेमेशन लागतं: गरम तेल फुलर्स अर्थमधून, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्याच जातीच्या मातीतून, पुन्हा पुन्हा फिरवायचं. माती आम्लं शोषून घेते. गाळ बसलेला असेल तर तेल टाकीतच गरम फिरवत ठेवा, म्हणजे वाइंडिंगवरचा थरही विरघळतो. शेवटी ऑक्सिडेशन रोखणारं डीबीपीसी साधारण ०.३ टक्के घाला. मातीतून गेलेल्या तेलाचं नैसर्गिक संरक्षण बरंच कमी झालेलं असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काम सुरू करण्याआधी डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची चाचणी) आणि फ्युरान (कागद झिजताना तेलात उतरणारी रसायनं) यांच्यासाठी नमुने घ्याच. प्रक्रियेत हे वायू आणि फ्युरान निघून जातात, आणि आतल्या बिघाडाचा व कागदाच्या झिजेचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो.