मुंजा, हडळ, चकवा आणि नाग एका घरात: मानलेल्या कुटुंबाची गोष्ट कशी लिहावी

कोझी फँटसी, म्हणजे जादूच्या जगातली पण उबदार, घरगुती गोष्ट, लिहायची म्हणून कुणी माझ्याकडे येतं, तेव्हा वहीत जग तयार असतं. नकाशा असतो, जादूचे नियम असतात, राजांच्या वंशावळी असतात. मी वही मिटायला लावते आणि विचारते, या घरात ओले टॉवेल कुठे वाळत घालतात? कुणाचा टॉवेल कुठल्या खुंटीवर?

मी अठरा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दर जूनमध्ये एकमेकींना न ओळखणाऱ्या चौघी एका खोलीत यायच्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीच्या बादलीवर नाव रंगवलेलं असायचं. पुढे कधीतरी ती नावं पुसट व्हायची आणि कुणी पुन्हा रंगवायचं नाही. त्या एकमेकींच्या नक्की कधी झाल्या, तो क्षण मला कधी पकडता आला नाही. दिसायच्या त्या खुणाच. उशिरा येणारीचं ताट कुणीतरी झाकून ठेवलेलं, अंधारात नुसत्या खोकल्यावरून नाव ओळखलेलं. या प्रकारच्या गोष्टीचं सगळं बळ अशा खुणांत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आपल्याकडे या नात्याला शब्द आहेच. मानलेला भाऊ, मानलेली मुलगी. त्यातलं ‘मानणं’ हे क्रियापद आहे, म्हणजे ते कुणीतरी करावं लागतं, आणि सगळे एकाच दिवशी करत नाहीत. चार पात्रं घेतलीत तर सहा जोड्या होतात. मानणं एकतर्फीही असतं, म्हणून बारा ओळी लिहा: कोणी कोणाला, कधी, कशावरून मानलं. एखादी ओळ रिकामी राहिली तर घाबरू नका. बहुतेक वेळा तिथेच तुमचं पुढचं प्रकरण असतं.

आता पात्रं. कोण काय करू शकतो यावरून त्यांना निवडू नका, कोणाला काय करता येत नाही यावरून निवडा. आपली भुतंखेतं याबाबतीत फार श्रीमंत आहेत. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज (मुंजीनंतरचं ब्रह्मचर्य संपवणारा विधी) व्हायच्या आत गेलेला मुलगा. तो पिंपळ सोडत नाही. धनावरचा नाग हंडा सोडत नाही. हडळीचे पाय उलटे. चकवा वाटसरूला रात्रभर त्याच त्या जागी फिरवतो. या चौघांना एका वाड्यात आणा. नागाच्या हंड्यावर वाडा उभा आहे, अंगणात पिंपळ आहे. जिला कुठे थारा नाही अशी हडळ एका पावसात पडवीत येऊन बसते. चकवा मात्र स्वतःच सरळ वाटेने कुठे पोचू शकत नाही, हे मी माझ्या गोष्टीत घातलं. लोककथेत ते नाही, पण त्याच्या स्वभावातून ते आपोआप निघतं. मग घराची रीतच ठरते: पानं घ्यायची वेळ म्हणजे चकवा आला की. घड्याळ कुणी बघत नाही.

एकाची अडचण हाच सगळ्यांचा दिनक्रम झाला, की घर उभं राहिलं असं समजा.

माझ्या पहिल्या खर्ड्यात एक मोठी चूक होती. शेवटी मी मुंज्याला मुक्ती दिली. पिंपळ सळसळला, उजेड झाला, मुलगा गेला. मला वाटलं होतं, वाचणारे सुखावतील. वसतिगृहातल्या एका मुलीने कागद परत केले आणि म्हणाली, “मॅडम, त्याला आत्ता कुठे घर मिळालं होतं. तुम्ही त्याला घालवलंत.” ती सुट्टीतही वसतिगृहातच राहायची. मी ते शेवटचं प्रकरण काढून टाकलं. तेव्हापासून सांगते, पात्राला बरं करून बक्षीस देऊ नका. हडळीचे पाय सरळ करू नका. आहे तसं त्याला ठेवून घेणारी माणसं द्या. इथे ‘माणसं’ हाच शब्द मी जाणूनबुजून वापरते.

संकट लागतंच, नाहीतर गोष्ट शिळी होते. पण ते घराएवढंच ठेवा. खलनायक नको, दोन आपल्यांच्या गरजा एकमेकींच्या आड येऊ देत. पिंपळाचं मूळ भिंतीत शिरतं, हे कुठल्याही जुन्या घरात दिसतं. ते मूळ नागाच्या तळघराची भिंत फोडू लागलंय. तोडलं तर मुंज्याला इजा, ठेवलं तर भिंत नागाच्या अंगावर. दोघांपैकी चूक कुणाचीच नाही. इथे जादूने मार्ग काढायचा मोह होईल, तो आवरा. माझ्या गोष्टीत शेकडो वर्षं न हललेला नाग एका रात्री हंड्यासकट वीतभर बाजूला सरकतो. बस. तेच शिखर. पण ती वीत वाचकाला डोंगराएवढी वाटायला हवी, म्हणून आधीच्या पानांवर नाग किती न हलणारा आहे ते तीन-चार वेळा दाखवून ठेवा: वर छत गळतंय आणि तो भिजतोय, तरी हलत नाही.

पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींना भिऊ नका. वेताळ पंचविशीत राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा बोलतो, वेताळ परत झाडावर. असं कितीदा तरी. शेवटच्या कोड्याला राजा गप्प राहतो, आणि तोच वेताळ त्याला कपटी योग्यापासून सावध करून त्याचा जीव वाचवतो. इतक्या फेऱ्या झाल्या नसत्या, तर ते सांगणं आपल्याला पटलं नसतं. तुमच्या गोष्टीतही एक फेरी ठेवा. रोज संध्याकाळी दिवा कोण लावतो, एवढंही पुरतं.

भाषेबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण हे हत्यार आपल्या हातात आहे आणि लिहिणारे ते वाया घालवतात. मराठीत नातं बदललं की हाक बदलते. मुंजा हडळीला आधी ‘अहो बाई’ म्हणतो. मग काहीच म्हणत नाही, नुसता जवळ येऊन उभा राहतो; हा मधला अवघडलेला काळ नक्की लिहा. मग एकदा ताप भरल्यावर ‘मावशी’ निघून जातं. आणि कधीतरी भांडणात ‘मावशे, तू गप्प बस!’ येतं, तेव्हा वाचकाच्या घशात काहीतरी दाटतं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कुठल्या पानावर झालं ते तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे. पात्रांना ‘आपण आता एक कुटुंब आहोत’ असं बोलायला लावू नका. घरात असं कुणी बोलत नाही.

भीतीचं काय, असं विचारतात. ती राहू द्या, पण उंबऱ्याबाहेर. वाटसरूंनी हडळीला घाबरावं. आत तिची केसांची गुंतवळ कुणीतरी न सांगता उचलून टाकावी.

एक प्रसंग मी पाच वेळा लिहिला, तो दाखवते. हडळ आणि नाग यांचं वाजलंय. पहाटे चकवा, फिरून फिरून दमलेला, दारात येतो. पडवीच्या ओल्या फरशीवर पावलं उमटलीत, बाहेरच्या दिशेने. तो मटकन खाली बसतो. म्हणतो, गेली ती. पिंपळावरून मुंजा ओरडतो, “अरे वेड्या, मावशीची पावलं आहेत ती. बाहेर जाताना दिसतायत, म्हणजे ती आत आलीय.”

आणि आतून चुलीच्या धुराचा वास येतो.