कुबरनेटीसच्या डिप्लॉयमेंटची यॅमल हाताने लिहिता? या चुका टाळा

कुबरनेटीस म्हणजे अ‍ॅपचे कंटेनर अनेक मशीनवर चालवणारी यंत्रणा. काय हवं ते तिला यॅमल या साध्या मजकुराच्या फाइलींत सांगायचं. कंटेनर पॉडमध्ये चालतो, आणि कोणते पॉड किती हवेत ते डिप्लॉयमेंट ठरवतं.

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात एसी कसाबसा तग धरून होता. नवीन आलेला पोरगा खुर्ची ओढत जवळ आला. "दादा, तिन्ही पॉड रनिंग आहेत, लॉगही साफ आहे. पण साइट उघडतच नाही. काऊन असं?"

म्हटलं, आधी 'कुबसीटीएल गेट एंडपॉइंट्स' मारून बघ. कुबसीटीएल ही कुबरनेटीसची कमांड, आणि सर्व्हिसने (पॉडपर्यंत ट्रॅफिक नेणारी) कोणते पॉड धरलेत त्याची यादी म्हणजे एंडपॉइंट्स. यादी रिकामी निघाली. डिप्लॉयमेंटमध्ये पॉडचं लेबल (ओळखीची चिठ्ठी) होतं 'ऑर्डर-एपीआय', आडव्या रेघेने. सर्व्हिसच्या सिलेक्टरमध्ये, म्हणजे कोणत्या लेबलचे पॉड घ्यायचे ते जिथे लिहितात तिथे, तेच नाव अंडरस्कोरने लिहिलेलं. अर्धा दिवस त्या एका रेघेत गेला.

डिप्लॉयमेंटच्या आतलं सिलेक्टर आणि पॉड टेम्प्लेटचं (पॉडच्या साच्याचं) लेबल जुळलं नाही, तर आपली फाइल तपासून घेणारा एपीआय सर्व्हर ती तिथल्या तिथे परत करतो. सर्व्हिसला मात्र तो असं काही विचारत नाही, कारण पॉड येण्याआधी सर्व्हिस बनवून ठेवणं रीतसर आहे. म्हणून पॉड हिरवे दिसतात आणि ट्रॅफिक कुठेच पोचत नाही. एंडपॉइंट्स भरलेले असूनही कनेक्शन नाकारलं जात असेल, तर टार्गेटपोर्ट तपासा, म्हणजे सर्व्हिस पॉडच्या ज्या पोर्टवर ट्रॅफिक पाठवते तो. कंटेनर खरोखर ज्या पोर्टवर ऐकतोय तोच आकडा तिथे हवा. तोही बरोबर असेल, तर अ‍ॅप 127.0.0.1 वरच, म्हणजे फक्त पॉडच्या आतलंच, ऐकत बसलंय का ते बघा. तसं असेल तर 0.0.0.0 (सगळ्या पत्त्यांवर) करा.

टॅब, चुकलेलं इंडेंटेशन, अवतरणात न टाकलेला एन्व्हमधला (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधला) 8080, या चुकांची मला फारशी काळजी वाटत नाही. 'कुबसीटीएल अप्लाय' करताच, म्हणजे फाइल क्लस्टरवर लावताच, एरर येते, आपण चडफडत दुरुस्त करतो, विषय संपतो. त्रास देतात त्या गुपचूप पास होणाऱ्या चुका.

मेमरीचं एकक घ्या. सीपीयूला 500एम म्हणजे अर्धा कोर, कारण लहान एम म्हणजे हजारावा भाग. तीच सवय हाताला लागते आणि मेमरीलाही 512एम लिहिलं जातं. त्याचा अर्थ होतो अर्धा बाइट! लिमिटमध्ये (कमाल मर्यादेत) हे लिहिलं तर कंटेनर उभाच राहत नाही, म्हणजे निदान कळतं तरी. रिक्वेस्टमध्ये (पॉडसाठी राखून मागितलेल्या मेमरीत) लिहिलं तर पॉड कुठे ठेवायचा ते ठरवणाऱ्या शेड्युलरला वाटतं की या पॉडला मेमरी जवळजवळ लागतच नाही, आणि तो भरलेल्या नोडवरही (मशीनवरही) पॉड कोंबत जातो. मेमरीला एमआय (मेबीबाइट) किंवा जीआय (गिबीबाइट) लिहा. नवीन आवृत्त्या याबद्दल एक वॉर्निंग देतात, पण ती वाचतो कोण?

पासवर्डसारख्या गोष्टी ठेवायच्या सीक्रेटमध्ये मजकूर बेस64 या सांकेतिक रूपात जातो. तो बेस64 बनवताना 'इको'ला 'वजा एन' दिला नाही, तर पासवर्डच्या शेपटीला एक नवी ओळ चिकटते. डेटाबेस "पासवर्ड चुकीचा" म्हणत राहतो, आणि आपण डेटाबेसवाल्याशी भांडतो. त्यापेक्षा 'स्ट्रिंगडेटा' वापरून साधा मजकूर द्या. ती फाइल गिटमध्ये मात्र टाकू नका.

पॉड सारखा रीस्टार्ट होत असेल तर 'डिस्क्राइब पॉड' मारा. एक्झिट कोड 137 आणि सोबत ओओएमकिल्ड (मेमरी संपल्याने मारलं) दिसलं, तर मेमरी लिमिट कमी पडतंय. तसं नसेल तर कंटेनर जिवंत आहे का ते विचारणाऱ्या लाइव्हनेस प्रोबवर संशय घ्या. डीफॉल्टप्रमाणे तो दर 10 सेकंदांनी विचारतो आणि सलग 3 वेळा उत्तर आलं नाही की कंटेनर मारतो. जावाचं अ‍ॅप उठायलाच मिनिटभर घेत असेल, तर बिचारं दर वेळी अर्ध्या झोपेत मारलं जातं. त्यासाठी स्टार्टअप प्रोब लावा; अ‍ॅप उठेपर्यंत तो लाइव्हनेसला थांबवून धरतो. मेलेल्या कंटेनरचा लॉग 'लॉग्ज'ला 'प्रीव्हियस' जोडून मिळतो. 'डिस्क्राइब'च्या शेवटी दिसणाऱ्या घडामोडींच्या नोंदी, म्हणजे इव्हेंट्स, साधारण तासाभरात पुसले जातात, त्यामुळे चहा प्यायला नंतर जा.

इमेजला 'लेटेस्ट' टॅग लावून तीच फाइल पुन्हा अप्लाय केली, तर उत्तर येतं 'अनचेंज्ड' आणि एकही पॉड बदलत नाही. प्रत्येक बिल्डला नवा टॅग द्या.

आता माझी स्वतःची चूक. दिवाळीआधीची संध्याकाळ, ऑर्डरी वाढलेल्या, ऑटोस्केलरने (लोडप्रमाणे पॉड कमी-जास्त करणाऱ्याने) पॉड 9 वर नेलेले. मी एक क्षुल्लक एन्व्ह बदलून अप्लाय केलं आणि पॉड धाडकन 2 वर आले, कारण माझ्या फाइलमध्ये पॉडची संख्या सांगणारी 'रेप्लिकाज: 2' ही ओळ तशीच होती. ऑटोस्केलरने पुन्हा वर न्यायला काही मिनिटं घेतली, आणि तेवढ्या वेळात फोन वाजायचा थांबला नाही. अप्लायच्या आधी, काय बदलणार ते दाखवणारा 'कुबसीटीएल डिफ' मारला असता तर ती ओळ डोळ्यांसमोर आली असती.

ऑटोस्केलर असेल तर फाइलमध्ये ती ओळ ठेवू नका. पण चालू डिप्लॉयमेंटच्या फाइलमधून ती नुसती खोडून अप्लायही करू नका. साध्या अप्लायला वाटतं की तुम्ही ती सेटिंगच काढून टाकली, आणि पॉड एकवर येतात. आधी 'अप्लाय एडिट-लास्ट-अप्लाइड' (मागच्या अप्लायची जतन केलेली नोंद) उघडून तिथली ओळ काढा, मग फाइलमधली.