बुटकी स्पोर्ट्स कार घेऊन अ‍ॅम्बी व्हॅली रोडला जाताय?

पोर्शा, लॅम्बो असली बुटकी गाडी घेऊन लोणावळ्याहून अ‍ॅम्बी व्हॅली रोडला जायचं असेल तर पावसाळ्यातला शनिवार-रविवार सोडूनच द्या, भुशी डॅमच्या गर्दीत अडकाल आणि क्लचची वाट लागेल. ऑक्टोबरनंतर, मधल्या वारी, उजाडता उजाडता निघा, लायन्स पॉइंटला दरीतलं धुकं दिसलं तर दिसलं, रस्ता तरी मोकळा मिळतो. स्पीडब्रेकर आला की नोज लिफ्ट (गाडीचं नाक वर उचलणारी सोय) आधीच ऑन करा, नसेल तर गाडी तिरकी घेऊन एकेक चाक चढवा, सरळ नेली की पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) असा करकरत घासतो ना, काळजात चर्र होतं राव. ९५ किंवा १०० ऑक्टेनचं, म्हणजे प्रीमियम पेट्रोल मुंबई-पुण्यातच फुल करा. टायर गार असतानाच हवा चेक करा, तापल्यावर आकडा जास्तच दिसतो.